वाचकांचे प्रश्न : प्रकाशाने हलणारे स्फटिक आणि फेम्टोसेकंदांचे क्ष-किरण

उजेड पडताच ज्यांच्यातल्या रेणूंची ठेवण बदलते अशा स्फटिकांवर फेम्टोसेकंदांचे अतिजलद क्ष-किरण सोडून तो बदल टिपतात (पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा लाख कोटीवा भाग, फेम्टोसेकंद त्याचाही हजारावा), त्याविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. उदाहरण म्हणून बहुतेक ठिकाणी एकच प्रथिन घेतले आहे: फोटोअ‍ॅक्टिव्ह यलो प्रोटीन, थोडक्यात पीवायपी. हे एका क्षारप्रिय जिवाणूतले १२५ अमिनो आम्लांचे छोटेसे प्रथिन. त्यातला पॅरा-कौमारिक आम्लाचा रंगकण ४४६ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषतो आणि ट्रान्सचा सिस होतो, म्हणजे दुहेरी बंधाभोवती वळून सरळचा वाकडा होतो. प्रथिन टणक आहे, स्फटिकही चांगले देते, म्हणून या क्षेत्रात सगळ्यांचा हात आधी त्याच्यावर बसतो.

प्रश्न : सिंक्रोट्रॉनवर प्रथिनांच्या हजारो संरचना निघाल्या आहेत. मग त्याच कामाला फेम्टोसेकंद क्ष-किरण कशाला? आणि इतक्या प्रखर किरणांत स्फटिक टिकतो कसा?
— भौतिकशास्त्राची पदव्युत्तर विद्यार्थिनी, कोल्हापूर

टिकत नाही. त्याचे तुकडेही उरत नाहीत. गंमत अशी की तो फुटण्याआधीच त्याचे चित्र घेऊन झालेले असते.

कारणे दोन आहेत आणि ती वेगवेगळी समजून घ्यावीत. पहिले वेळेचे. सिंक्रोट्रॉन म्हणजे इलेक्ट्रॉन वर्तुळात फिरवून क्ष-किरण देणारे यंत्र; त्यातली क्ष-किरणांची एक पल्स, म्हणजे एक क्षणिक झोत, साधारण १०० पिकोसेकंद टिकते. १९९६ साली फ्रान्समधल्या ग्रनोबल येथे मायोग्लोबिन या स्नायूंतल्या प्रथिनातून सुटणारा कार्बन मोनॉक्साइड याच पद्धतीने नॅनोसेकंदांच्या टप्प्यावर पाहिला गेला. त्याहून धिम्या बदलांना सिंक्रोट्रॉन आजही पुरतो. पण पीवायपीतला दुहेरी बंध वळतो तो अर्ध्या पिकोसेकंदाच्या सुमारास. १०० पिकोसेकंदांच्या पल्सने तो पाहायला जाणे म्हणजे वरात गेल्यावर मांडवाचा फोटो काढणे.

दुसरे कारण किरणांच्या इजेचे. सिंक्रोट्रॉनवर स्फटिक १०० केल्विनला गोठवून ठेवला तर सुमारे ३० मेगाग्रेपर्यंत मात्रा चालते (ग्रे हे शोषलेल्या किरणमात्रेचे एकक). खोलीच्या तापमानाला ही मर्यादा १ मेगाग्रेच्याही खाली येते. गोठवलेले प्रथिन हलत नाही, आणि आपल्याला तर ते हलतानाच पाहायचे आहे. फेम्टोसेकंद क्ष-किरण देणाऱ्या यंत्राची, म्हणजे क्ष-किरण मुक्त-इलेक्ट्रॉन लेझरची, एक पल्स १० ते ५० फेम्टोसेकंदांची असते आणि तिच्यात सुमारे १ लाख कोटी फोटॉन असतात. मात्रा शेकडो मेगाग्रेच्या घरात जाते, पण अणू जागचे सरकेपर्यंत पल्स निघून गेलेली असते. हे गणित उप्सालातल्या रिचर्ड नॉयट्झ, यानोश हायदू आणि सहकाऱ्यांनी २००० साली मांडले. कॅलिफोर्नियातल्या एलसीएलएस या अशा लेझरमध्ये २००९ साली पहिला किरण निघाला आणि २०११ साली फोटोसिस्टीम-१ या प्रकाशसंश्लेषणातल्या प्रथिनाच्या सूक्ष्म स्फटिकांवर ते गणित खरे ठरले.

या पद्धतीची किंमत एकच: एका चित्राला एक स्फटिक. पुढच्या जवळजवळ सगळ्या कटकटी इथूनच सुरू होतात.

प्रश्न : फेम्टोसेकंदांत उघडझाप करणारा कॅमेरा जगात नाही. तरी “रेणूचा चित्रपट” कसा काढतात? आणि वेळ मोजतात कशाने?
— विज्ञान शिक्षक, नागपूर

वेळ घड्याळाने मोजत नाहीत, अंतराने मोजतात. आधी दृश्य प्रकाशाची लेझर पल्स स्फटिकाला “जागे” करते, ठरावीक विलंबाने क्ष-किरणांची पल्स येऊन चित्र घेते. प्रकाश १ फेम्टोसेकंदात ०.३ मायक्रॉन जातो. लेझरच्या वाटेतला परतीचा आरसा १५ मायक्रॉन मागे सरकवला की जाण्यायेण्याची वाट ३० मायक्रॉनने वाढते आणि विलंबात १०० फेम्टोसेकंदांचा फरक पडतो. डिटेक्टरला घाई नसते. एलसीएलएसचा मूळ वेग सेकंदाला १२० पल्स होता, म्हणजे एका चित्राला ८ मिलिसेकंद मिळत.

अडचण अशी की लेझर आणि क्ष-किरण बनवणारा त्वरक ही दोन स्वतंत्र यंत्रे आहेत. त्यांचा ताल कितीही जुळवला तरी दर पल्सला शंभर-दोनशे फेम्टोसेकंदांचे इकडेतिकडे होतेच. म्हणून प्रत्येक पल्सच्या वेळी एक वेगळे उपकरण, टायमिंग टूल, खरा विलंब नोंदवते. क्ष-किरण पातळ पापुद्र्यातून गेले की त्या जागी त्याची पारदर्शकता क्षणात बदलते. त्याच पापुद्र्यातून रंगांनी ताणलेली लेझर पल्स पाठवली की वर्णपटात कुठे पायरी पडली यावरून वेळ कळते, तीही काही दहा फेम्टोसेकंदांच्या अचूकतेने. मग चित्रे “ठरवलेल्या” विलंबानुसार न लावता नोंदलेल्या विलंबानुसार लावायची. टायमिंग टूलचा संकेत अधूनमधून हरवतो. तशी चित्रे अंदाजाने खपवू नयेत, सरळ वगळावीत.

दुसरी चूक सहज नजरेतून सुटते. लेझर आणि क्ष-किरण एकाच दिशेने सोडले तरी द्रवात लेझर मागे पडतो. वक्रीभवनांक १.५ धरला तर १०० मायक्रॉन जाडीत हा फरक १६० फेम्टोसेकंदांच्या आसपास जातो, ५ मायक्रॉनच्या जेटमध्ये, म्हणजे स्फटिक वाहून नेणाऱ्या द्रवाच्या बारीक धारेत, मात्र जेमतेम ८. लेझर काटकोनातून सोडला तर १०० मायक्रॉन रुंदीत ३०० फेम्टोसेकंदांहून जास्त. जाड जेट आणि आडवा लेझर अशी मांडणी असेल तर टायमिंग टूल कितीही चांगले असो, वेळ पुसट होणारच.

चित्रपटाविषयी एवढेच: खरी चित्रे त्यात दहा-पंधरा असतात. मधली हालचाल संगणकाने भरलेली असते. शोधनिबंधात विलंबांची यादी दिलेली असते, ती आधी पाहावी आणि मग चित्रफीत.

प्रश्न : आमच्याकडे पीवायपीचे सुंदर, अर्ध्या मिलिमीटरचे स्फटिक येतात. ते ठेचून चालतील का? आणि अंधारात काम करायचे म्हणजे नेमके कसे?
— जीवरसायनशास्त्राचा संशोधक विद्यार्थी, पुणे

ठेचून मिळतो तो चुरा: काही ३० मायक्रॉनचे, काही अर्ध्या मायक्रॉनचे, कडा मोडलेले. चाचणीला चालेल, मोजणीला नाही. ठेचलेले स्फटिक बीज म्हणून वापरा. पीवायपीच्या संहत द्रावणात हे बीज टाकायचे आणि सतत ढवळत सोडियम मॅलोनेटचे दाट द्रावण, ४ मोलरच्या आसपासचे, झटकन मिसळायचे. केंद्रके एकदम आणि भरपूर तयार झाली की प्रत्येकाच्या वाट्याला प्रथिन कमी येते, स्फटिक लहान आणि एकसारखे राहतात. सावकाश मिसळलेत तर आधी जन्मलेले मोठे होतात आणि बाकीच्यांचे अन्न खाऊन टाकतात.

हात बसवण्यासाठी पीवायपी वाया घालवू नका. कोंबडीच्या अंड्यातला लायसोझाइम घ्या. ०.१ मोलर सोडियम अ‍ॅसिटेट, पीएच ३, यात मिलिलिटरला २० मिलिग्रॅम लायसोझाइम. दुसऱ्या भांड्यात त्याच बफरमध्ये २० टक्के मीठ आणि ६ टक्के पीईजी ६००० (पॉलिएथिलीन ग्लायकॉल). पहिल्याच्या एका भागात दुसऱ्याचे तीन भाग एका दमात ओता आणि हलवा. थोड्याच वेळात द्रावण दुधाळ होते. थंडीत केलेत तर स्फटिक लहान, तापमान वाढवाल तसे मोठे. एकच कृती तीन तापमानांना करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा, हाताला अंदाज येतो. प्रत्यक्ष बीमवरही, म्हणजे क्ष-किरणांच्या झोतावरही, डिटेक्टरची भूमिती जुळवायला हाच लायसोझाइम लागतो, त्यामुळे ही मेहनत फुकट जात नाही.

आकार किती असावा? पीवायपीसाठी ३ ते ५ मायक्रॉन. त्याचे कारण लेझरवरच्या उत्तरात सापडेल. गाळायचे कसे, तर नोझलच्या नळीच्या आतल्या व्यासाच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठे काही पुढे जाता कामा नये. ५० मायक्रॉनच्या नळीला १० मायक्रॉनची जाळी सुरक्षित. गाळल्यावर पुन्हा मोजा. जाळी कधी कधी अर्धा माल खाते आणि ते बीमवर गेल्यावर कळते.

“अंधार” हा शब्द मात्र फसवा आहे. कोणता दिवा चालेल हे प्रथिन ठरवते. पीवायपी निळे शोषते, तर मंद लाल दिव्यात काम करा. फायटोक्रोम हे प्रथिन लाल शोषते, त्याला मंद हिरवा दिवा लागतो; फोटोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीतला लाल दिवा तिथे घात करील. बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन या पेशीपटलातल्या प्रथिनाचे आणखी वेगळे. अंधारात ठेवले की त्यातला रेटिनल हा रंगकण ट्रान्स आणि १३-सिस अशा मिश्रणात जातो. म्हणून प्रयोगाआधी त्याला मुद्दाम उजेड दाखवून सगळे ट्रान्समध्ये आणतात, मग थोड्या अंधारानंतर चक्र, म्हणजे प्रकाश पडल्यापासून मूळ स्थितीत परतेपर्यंतचा फेरा, पहिल्यापासून सुरू होते. शिवाय बीमच्या खोलीत नमुना पाहणाऱ्या कॅमेऱ्याचा दिवा सतत चालू असतो. सिरिंज फॉइलमध्ये गुंडाळून आणणारे बरेच जण हा दिवा विसरतात.

प्रश्न : स्फटिक बीमसमोर आणायचे कसे? द्रवाचा जेट घ्यावा की ग्रीसमध्ये कालवून? प्रथिन किती लागेल?
— स्फटिकशास्त्र प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ, इंदूर

आधी द्रवाचा जेट. आतल्या नळीतून स्फटिकांचे पाणी, बाहेरून हेलियम. वायू द्रवाला आवळतो आणि ५-६ मायक्रॉन जाडीची धार सेकंदाला सुमारे १० मीटर वेगाने निघते. प्रवाह मिनिटाला २० मायक्रोलिटर. दर चित्राला नवा कोरा स्फटिक मिळतो, आधीच्या लेझर पल्सचा स्पर्श झालेला माल कधीच दूर गेलेला असतो. वेळेच्या दृष्टीने याहून निर्मळ पद्धत नाही.

पण हिशेब पाहा. सेकंदाला १० मीटर धार वाहते आणि १२० पल्स मिळून तिचा अर्धा मिलिमीटर भाग पाहतात. २० हजार स्फटिकांमागे एकाचे काम, बाकी सगळे गटारात. ३ मायक्रॉनचे स्फटिक मिलिलिटरला १ अब्ज या घनतेने घेतले तर १२ तासांच्या पाळीत साडेचौदा मिलिलिटर जातील आणि त्यात तिसरा हिस्सा ग्रॅम शुद्ध पीवायपी असेल. जिवाणूत सहज बनणाऱ्या प्रथिनाला हे परवडते. पेशीपटलातल्या प्रथिनाला अजिबात नाही.

त्यांच्यासाठी दाट माध्यम: मोनोओलीन या लिपिडाचा आणि पाण्याचा दाट लगदा (लिपिड क्यूबिक फेज) किंवा ग्रीस. ५० ते ७५ मायक्रॉनच्या तोंडातून टूथपेस्टसारखी सुतळी निघते, प्रवाह मिनिटाला १ मायक्रोलिटर किंवा त्याहून कमी. बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिनचे स्फटिक क्यूबिक फेजमध्येच वाढतात, त्यामुळे ते तसेच भरता येतात. जपानच्या साक्ला या क्ष-किरण लेझर केंद्रावर २०१६ साली त्याच्या चक्राचे नॅनोसेकंदांपासून मिलिसेकंदांपर्यंतचे १३ टप्पे असेच टिपले गेले.

इथे सापळा असा. ७५ मायक्रॉनच्या तोंडातून मिनिटाला १ मायक्रोलिटर म्हणजे वेग सेकंदाला ३.८ मिलिमीटर. सेकंदाला ३० पल्स असतील तर दोन पल्समध्ये माल १२६ मायक्रॉन सरकतो. १०० मायक्रॉनच्या लेझर ठिपक्याला हे काठावर पुरते. तेच १२० पल्सना ३२ मायक्रॉन, म्हणजे पुढचा स्फटिक आधीच्या लेझरने भिजलेलाच येणार. अशा वेळी लेझर दर चौथ्या पल्सला द्या किंवा त्याहून विरळ, आणि मधली “अंधारी” चित्रे एकत्र न मिसळता लेझरनंतर पहिले, दुसरे, तिसरे अशी वेगळी ठेवा. पहिल्या अंधाऱ्या चित्रांच्या संचात प्रकाशित संरचनेच्या खुणा दिसल्या तर समजा गळती आहे. माध्यम दुधी असेल तर प्रकाश आत विखरून ठिपक्याच्या कितीतरी बाहेर जातो, हेही धरा.

बिघाडांचे म्हणाल तर क्रम साधारण असा असतो. स्फटिक सिरिंजच्या तळाशी बसतात: सिरिंज सतत फिरवणारे यंत्र लावा, नाहीतर पहिल्या दहा मिनिटांत भरपूर चित्रे आणि नंतर शुकशुकाट. नोझलच्या टोकाशी मिठाचे किंवा पीईजीचे खोड वाढते आणि धार वाकडी होते: दर नमुन्यानंतर पाणी सोडून धुवा. निर्वातात मोनोओलीन बाष्पीभवनाने थंड होऊन दुसऱ्याच फेजमध्ये जाते आणि डिटेक्टरवर ठळक कडी दिसते: ७.९ एमएजी हे दुसरे लिपिड मिसळा किंवा हेलियम भरलेल्या कक्षात काम करा. आणि मिठाचा एखादा स्फटिक बीममध्ये आला तर त्याचा एकच ठिपका डिटेक्टरचे पिक्सेल कायमचे जाळू शकतो. म्हणून नवा नमुना नेहमी किरण मंद करून सुरू करावा आणि मग तीव्रता चढवावी.

हँबुर्गजवळच्या युरोपियन एक्सएफईएल या क्ष-किरण लेझरवर पल्स गठ्ठ्यांनी येतात. गठ्ठ्यात दोन पल्समध्ये मायक्रोसेकंदाहूनही कमी वेळ असतो. आधीच्या स्फोटाने तुटलेली धार तेवढ्यात पुढे जायला हवी, म्हणून तिथे सेकंदाला ५० ते १०० मीटरची धार लागते.

प्रश्न : लेझर किती द्यायचा? प्रत्येक शोधनिबंधात वेगळा आकडा दिसतो.
— लेझर अभियंता, मुंबई

या सदरातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. क्ष-किरणांची बाजू आता बरीच पक्की झाली आहे. वाद आहे तो लेझरच्या बाजूने. म्हणून हिशेब पूर्ण मांडतो.

पीवायपीचा मोलर शोषणांक ४४६ नॅनोमीटरला ४५,५०० आहे. त्यावरून एका रेणूचा शोषण-छेद १.७ गुणिले १० चा उणे १६ वा घात चौरस सेंटिमीटर येतो. या रंगाच्या एका फोटॉनची ऊर्जा २.७८ इलेक्ट्रॉनव्होल्ट. दर रेणूमागे सरासरी एक फोटॉन शोषला जावा असे वाटत असेल तर चौरस मिलिमीटरला सुमारे २५ मायक्रोज्यूल पुरतात. १०० मायक्रॉन व्यासाच्या ठिपक्यात हे फक्त ०.२ मायक्रोज्यूल झाले. लेझरच्या खोलीत मिलिज्यूलची भाषा चालते, त्यामुळे हा आकडा ऐकून माणसे दोनदा विचारतात.

आता “सरासरी एक” म्हणजे प्रत्येकाला एक नव्हे. ३७ टक्के रेणूंना काहीच मिळत नाही, ३७ टक्क्यांना एक, आणि २६ टक्क्यांना दोन किंवा जास्त. हे २६ टक्के घातक. आधीच उत्तेजित झालेल्या रेणूने दुसरा फोटॉन गिळला की तो सूर्यप्रकाशात कधीच घडणार नाही अशा वाटेला जातो: आयनीभवन, जास्तीची उष्णता, भलतेच बंध ताणले जाणे. सरासरी ०.२ वर आणलीत तर एक फोटॉनवाले १६ टक्के आणि दोनवाले २ टक्क्यांच्या आत. ही मोजणी स्वच्छ. पण त्या १६ टक्क्यांपैकीही सगळे चक्रात पुढे जात नाहीत, बरेचसे नुसते परत फिरतात. म्हणजे संकेत राहतो पाच टक्क्यांचा. इथेच मोह होतो आणि लेझरचा कान पिळला जातो. सुरुवातीच्या अनेक प्रयोगांत वर काढलेल्या आकड्याच्या कितीतरी पट ऊर्जा दिली गेली, ती याच कारणाने.

यावर बराच काळ “संकेत मोठा होतो, चाल तीच राहते” असे उत्तर दिले जाई. २०२४ साली कार्बन मोनॉक्साइड बांधलेल्या मायोग्लोबिनवर वेगवेगळ्या ऊर्जा देऊन केलेल्या मोजण्या प्रसिद्ध झाल्या. ऊर्जा बदलली की बदलांचा आकारच नव्हे, त्यांची गती आणि आंदोलनेही बदलतात असे त्यांत दिसले. आमच्या मते त्यानंतर ऊर्जेची मालिका न दाखवता पिकोसेकंदाच्या आतल्या हालचालींवर ठाम निष्कर्ष काढणे धाडसाचे आहे.

आणि आता आकाराचा मुद्दा. पीवायपीच्या नेहमीच्या षट्कोनी स्फटिकात रेणूंची संहती ६० मिलिमोलरच्या पुढे असते. ४४६ नॅनोमीटरचा प्रकाश अशा स्फटिकात साडेतीन मायक्रॉन शिरेपर्यंत त्याचा दहावा हिस्सा उरतो. १० मायक्रॉनच्या स्फटिकाच्या मागच्या बाजूला जेमतेम सातशेवा हिस्सा पोहोचतो. पुढचे रेणू दोन-दोन फोटॉन खाऊन बसलेले, मागचे झोपलेले, आणि क्ष-किरण दोघांचे एकत्रित चित्र घेतात. म्हणून स्फटिक लहान हवेत. दुसरा उपाय रंग सरकवण्याचा: शोषण शिखराच्या दहाव्या हिश्श्यावर आले असेल अशी तरंगलांबी निवडली की शिरकाव दसपट होतो. ऊर्जा त्या प्रमाणात वाढवावी लागते, पण स्फटिक पुढून मागपर्यंत सारखा उजळतो.

प्रत्यक्षात करायचे ते असे. ऊर्जा नमुन्याच्या जागी मोजा, लेझरच्या टेबलावर नको. वाटेतल्या खिडक्या-आरसे बरेच खातात. ठिपक्याचा आकार चाकूच्या धारेने त्याच जागी मोजा. मग एकच विलंब धरून चार-पाच ऊर्जांवर मोजणी घ्या आणि फरकाच्या नकाशातल्या (प्रकाशित आणि अंधाऱ्या संरचनेतला फरक दाखवणाऱ्या) शिखराची उंची ऊर्जेसमोर मांडा. रेषा सरळ आहे तोवर तुम्ही बरोबर आहात. ती वाकू लागली त्याच्या खाली काम करा. फेम्टोसेकंद पल्स असेल तर कमाल तीव्रताही सांगा: चौरस मिलिमीटरला २५ मायक्रोज्यूल १०० फेम्टोसेकंदांत दिले तर ती चौरस सेंटिमीटरला २५ गिगावॉट होते. आणि एक संच उणे विलंबाचा घ्या, क्ष-किरण आधी, लेझर नंतर. त्या नकाशात काही दिसता कामा नये. दिसले, तर तुमचा “बदल” प्रकाशाचा नाही, कुठल्यातरी गळतीचा आहे.

प्रश्न : हजारो वेगवेगळ्या स्फटिकांची चित्रे जोडून एक संरचना कशी निघते? चुका कुठे होतात?
— संगणकशास्त्राचा पदवीधर, छत्रपती संभाजीनगर

प्रत्येक चित्र स्थिर स्फटिकाचे असते, त्यामुळे विवर्तनाचे ठिपके अर्धवटच पकडलेले असतात. पल्सची तीव्रता आणि वर्णपटही दर वेळी वेगळा. भरवसा संख्येवर: एका विलंबाला दहा हजारांपासून पुढे चित्रे. सेकंदाला १२० पल्स, दहा टक्के चित्रांत स्फटिक आणि त्यातल्या निम्म्यांची दिशा सापडली, तर २० हजार चित्रांना ५५ मिनिटे. लेझर एकाआड एक दिला की दोन्ही संचांना मिळून दुप्पट. पाळीत पाच-सहा विलंब झाले तर दिवस चांगला गेला म्हणायचे.

चीता हा प्रोग्रॅम रिकामी चित्रे बाजूला काढतो, क्रिस्टएफईएल दिशा शोधून तीव्रता जोडतो. दोन चुका वारंवार होतात. डिटेक्टरचे अंतर थोडे चुकले की एकक-कोशाच्या, म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या ठोकळ्याच्या, मापांचा आलेख पसरतो किंवा त्याला दोन कुबडे येतात. अंतर थोडे पुढेमागे करून एकच टोकदार शिखर येईपर्यंत पुढे जाऊ नका. दुसरी चूक पीवायपीत हमखास. त्याच्या पी६३ या अवकाशगटात (स्फटिकाच्या सममितीच्या प्रकारात) जाळीची सममिती रेणूंच्या मांडणीहून जास्त आहे, म्हणून प्रत्येक चित्राची दिशा दोन प्रकारे “बरोबर” लागते. न सोडवता जोडलेत तर डेटा जुळ्या स्फटिकासारखा होतो, आकडे देखणे दिसतात आणि फरकाचा नकाशा धुऊन जातो. चित्रांची आपसांतली जुळणी पाहून त्यांचे दोन गट करणारा अँबिगेटर हा प्रोग्रॅम यासाठीच आहे. तो चालवायचा राहिला म्हणून आठवडे गेल्याची उदाहरणे कमी नाहीत.

प्रकाशित आणि अंधारे संच एकाच बॅचच्या स्फटिकांचे, एकाच पाळीतले असावेत. कोश अर्ध्या टक्क्याने जरी बदलला तरी खोटे फरक उमटतात. ही पथ्ये पाळून २०१६ साली पीवायपीचे १०० फेम्टोसेकंद ते ३ पिकोसेकंदांमधले नकाशे निघाले, आणि ५५० फेम्टोसेकंदांच्या सुमारास रंगकण ट्रान्सकडून सिसकडे वळतो हे दिसले.

प्रश्न : हे सगळे प्रथिनांपुरतेच का? रंग बदलणाऱ्या सेंद्रिय स्फटिकांवर करता येईल?
— रसायनशास्त्राची विद्यार्थिनी, फोंडा

येते, पण अडचणी वेगळ्या. डायअ‍ॅरिलएथीनचे उदाहरण घ्या. अतिनील प्रकाशात त्याचे वलय मिटते आणि रंगहीन स्फटिक रंगीत होतो; दृश्य प्रकाशात वलय उघडते. जोडले जाणारे दोन कार्बन ४.२ अँगस्ट्रॉमपेक्षा जवळ असतील तरच स्फटिकात ही क्रिया होते, म्हणून आधी साधी संरचना काढून हे अंतर पाहा. रेणू दाटीवाटीने असल्याने प्रकाशाचा शिरकाव पीवायपीपेक्षाही कमी, आणि पुष्कळ रेणू एकदम बदलले की स्फटिक वाकतो किंवा तडकतो. सबमायक्रॉन जाडीच्या चकत्या वाढवता आल्या तर उत्तम.

दुसरी गोष्ट, एकक-कोश लहान म्हणून एका चित्रात मोजकेच ठिपके पडतात, प्रथिनांसाठीचे प्रोग्रॅम दिशा लावूच शकत नाहीत. उपाय: सगळ्या चित्रांतले ठिपके एकत्र करून आधी भुकटीसारखा आलेख काढायचा, त्यावरून कोश ठरवायचा, मग मोजक्या ठिपक्यांतून दिशा शोधायची. २०२२ साली मिथ्रीन या चांदी-सेलेनियमच्या संयुगावर आणि त्याच्या भाईबंदांवर हे करून दाखवले गेले. फोटॉनची ऊर्जा चढी आणि डिटेक्टर जवळ ठेवा.

प्रश्न : भारतात राहून हे काम करायचे असेल तर?
— अनेक वाचक

भारतात क्ष-किरण मुक्त-इलेक्ट्रॉन लेझर नाही. इंदूरचा इंडस-२ हा सिंक्रोट्रॉन आहे. त्यावरच्या पीएक्स-बीएल२१ या प्रथिन-स्फटिकशास्त्राच्या बीमलाइनवर स्फटिकांची प्रत आणि अंधारी संरचना पक्की करून घेता येते. वेळेचा प्रयोग करायला अमेरिका, जपान, जर्मनी, स्वित्झर्लंड किंवा दक्षिण कोरियात बीमटाइम, म्हणजे यंत्रावरची पाळी, मागावा लागतो. निकाल प्रसिद्ध करणाऱ्यांकडून सहसा शुल्क घेत नाहीत. निवड प्रस्तावावर होते.

प्रस्तावात परीक्षक चार गोष्टी शोधतात: सूक्ष्म स्फटिकांचा आकार दाखवणारे छायाचित्र, ते विवर्तन देतात याचा पुरावा, स्फटिकातच घेतलेला शोषण-वर्णपट, आणि प्रकाश दिल्यावरचे चक्र किती वेळ चालते याची प्रकाशीय मोजणी, तीही द्रावणातली नको, स्फटिकांतलीच. चौथी बहुतेकांकडे नसते. द्रावणातल्यापेक्षा स्फटिकात चक्र कधी वेगाने तर कधी रखडत चालते, आणि विलंब त्यावरून ठरतात. चक्र मिलिसेकंदांचे निघाले तर आनंद माना: ते सिंक्रोट्रॉनवरच्या मालिका-पद्धतीने (एकामागून एक स्फटिक समोर आणून) होते, आणि तिथे पाळी मिळणे कितीतरी सोपे.

स्फटिक विमानाने न्यायचे असतील तर थर्मासमध्ये, गोठू न देता आणि फॉइलमध्ये. त्याहून बरे म्हणजे शुद्ध प्रथिन गोठवून न्यायचे आणि स्फटिक तिथेच, पाळीच्या दोन-तीन दिवस आधी, वाढवायचे. बीजाची एक बाटली वेगळ्या माणसाच्या सामानात द्या.